दि-मास्तरांचं बिऱ्हाड

दत्तात्रेय मास्तरांना भित्रा म्हणणाऱ्यांत मी पहिली. तोंडावर म्हटलंय, पाठीमागे नाही. तेव्हा आज त्यांच्याविषयी सांगायला बसले आहे तर मध्ये कुणी बोलू नका. आमच्या श्रीवर्धनच्या वाडीत, पडवीला लागून असलेल्या खोलीत ते इतकी वर्षं राहताहेत, की आमच्या घरात त्यांना कुणी भाडेकरू म्हणतच नाही.

सव्वीस सालच्या सुमारास आले. मूळचे नागावचे. घरची नारळी-पोफळींची वाडी, वडील खमके, आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. गावातल्या इंग्रजी शाळेत नेमणूक झाली म्हणून एक ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरले. अंगानं काडी, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्यानं पुढे वाकावं. मी एकदा विचारलंसुद्धा, "मास्तर, अहो वर्गात तरी पोरांना ऐकू जातं का?" नुसते हसले. पण एका शब्दापुरता त्यांना आवाज फुटायचा. तो शब्द म्हणजे ‘दि’.

इंग्रजीत जिथंतिथं येणारा तो एवढासा शब्द. मराठीत त्याला जोडीदारच नाही, म्हणून आमच्या पोरांची त्याच्यापाशी गाडी अडायची. कुणी प्रत्येक शब्दाला दि लावायचा, कुणी मेला कशालाच लावायचा नाही. मास्तर संध्याकाळी चार पोरांना पडवीत घेऊन बसत आणि मी मधल्या कुडाच्या भिंतीअलीकडे सुपारी निवडत बसे. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. "समज, मी बाजारातून कळशी आणली. अजून तू ती पाहिली नाहीस. मग ती नुसती एक कळशी. तिला ‘अ’. पण उद्या मी म्हटलं, कळशी गळते, तर कोणती हे तुला ठाऊक आहे ना? मग आता ‘दि’. पहिल्यांदा ओळख करून द्यायची, मग ती आपली ओळखीची." सूर्य, चंद्र, समुद्र यांना म्हणे पहिल्यापासूनच दि. ते एकेकच, त्यांची ओळख काय करून देणार? माणसाच्या नावाला मात्र लागत नाही. नाव घेतलं की काम झालं, कोण ते कळलं.

"आणि बोटीला हो?" मी कुडाआडून ओरडले. पोरं खिदळली.

"आपल्या बोटीला लागते, वहिनी," मास्तर म्हणाले. "बोट आली असं गावात कुणी म्हटलं, तर कोणती म्हणून कुणी विचारतं का?"

नाही विचारत, खरंच. मुंबईहून येणारी ती एकच बोट. पोरांनी त्यांचं नाव पाडलं ‘दि-मास्तर’, आणि ते गावभर झालं. त्यांना राग नव्हता. राग यायला अंगात काहीतरी धग लागते.

शाळेतून आले की स्वतः चूल पेटवायचे, भात आणि पिठलं. कधी मी आमटी नेऊन दिली तर वाटी घासून पुसून परत, वर "उगाच त्रास" हे ठरलेलं. मग बोटीच्या वेळेला समुद्रावर. कुणी यायचं नसायचं, तरी जायचे. बोट लांब खोल पाण्यात थांबते, किनाऱ्यावरून पडाव जातो आणि उतारू घेऊन येतो. ते सगळे उतरेपर्यंत हा माणूस वाळूत उभा, आणि मग एकटाच परत. मला पाहवेना. एक दिवस अंगणात गाठलं.

"मास्तर, बायको आहे ना हो तुम्हाला?"

"आहे."

"मग ती का नाही इथे?"

"आईचं सगळं तिलाच करावं लागतं. दादा पाठवत नाहीत."

दादा म्हणजे त्यांचे वडील. "आणि तुम्ही विचारलंत का दादांना?" मी म्हटलं. ते झाडाकडे बघायला लागले. विचारलं नव्हतं! नव्हतं हो विचारलं! मे महिन्याच्या सुट्टीत नागावला जायचं, भरल्या घरात बायकोशी दिवसा बोलायची चोरी, आणि सुट्टी संपली की परत. पत्रं लिहायचे ती दादांच्या नावावर, शेवटी "सर्वांस नमस्कार". त्या ‘सर्वां’त बायको. मूलबाळ नाही म्हणून नागावला तिलाच बोल लावायचे म्हणे. अहो, नवरा श्रीवर्धनला आणि बायको नागावला, मूल काय पोफळीवरून पडणार?

त्या दिवशी जाता जाता मास्तर एक बोलले ते मात्र माझ्या मनातून जात नाही. म्हणाले, "वहिनी, मी दिवसभर पोरांना सांगतो, दोघांना ठाऊक असलेल्या वस्तूला दि लावा. खोलीत आलो की वाटतं, इथं दुसरं कोण आहे? मला ठाऊक असलेलं इथं कुणालाच ठाऊक नाही." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मला भडभडून आलं. राग आला तो वेगळाच.

मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या साली त्यांची आई सुटली. दिवसकार्य झालं, आणि तिकडे धाकट्या भावाचं लग्न होऊन घरात दुसरी सून आली. तेव्हा कुठे दादांना पाझर फुटला. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या की श्यामलेला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, पाठवतो, असं कार्ड आलं. ते कार्ड मास्तरांनी मला वाचून दाखवलं, आमच्या यांना दाखवलं, गड्याला दाखवलं. मग खोली सारवून घेतली. चुलीला नवा थर दिला. बाजारातून तांब्याची कळशी आणली आणि रोज घासायला लागले. "मास्तर, झिजेल हो," मी म्हटलं. कधी नव्हे ते मोठ्यानं हसले.

ठरल्या दिवशी नेमका वारा फिरला. दसरा तोंडावर आलेला, आकाश स्वच्छ व्हायचे दिवस, पण त्या दुपारी समुद्र असा उसळला की पडाव घालायला कुणी धजेना. मास्तर वाळूत उभे. बोट लांब दिसली, तिनं शिट्टी दिली आणि थांबली नाही. तशीच पुढे निघून गेली. असं झालं की आमच्याकडचे उतारू खाडीपलीकडच्या पुढल्या बंदरावर उतरतात आणि दुसऱ्या दिवशी पायी, होडीनं परत येतात. माहीतगाराला त्याचं काही नाही. पण ही पोर पहिल्यांदाच बोटीत बसलेली! सोबत दिघीपर्यंतच होती, पुढे बोटीवरच्या कारकुनाला सांगितलेलं, हिला श्रीवर्धनला उतरवा. मास्तर तसेच, अंगावरच्या कपड्यांनिशी, खाडीच्या दिशेनं चालायला लागले.

आता पुढचं मी पाहिलेलं नाही. श्यामलेनं मला सांगितलं तसं सांगते.

बोट लागून लागून तिचा जीव अर्धा झाला होता. श्रीवर्धनवाले उतरा, असा कुणी पुकारा केला आणि ती डोळे मिटून पडावात उतरली. तिन्हीसांजेची वेळ. श्रीवर्धनवाले जिथं उतरले, हिला तेच श्रीवर्धन वाटलं. बाकीचे आपापल्या ओळखीच्या घरी मुक्कामाला पांगले. ही वाळूत ट्रंकेजवळ उभी, न्यायला कुणी नाही. तेवढ्यात काशी नावाची एक कोळीण आली.

"कोनाकरं जायाचं बाय?"

आता काय सांगेल? नवऱ्याचं नाव घ्यायचं तर जीभ झडेल ना! आम्ही कुणीच घेत नाही. मी तरी कुठे घेतलंय अजून? ‘आमचे हे’ म्हणत म्हातारी झाले. ती म्हणाली, "मास्तरांकडे."

"आगो बाय! मास्तरांच्या घरची काय तुमी? या या. मास्तर तालुक्याला गेलंत, उद्या येतील. चावी माझ्याकरं हाय."

त्या गावात मास्तर एकच. त्यांचं बिऱ्हाड आज ना उद्या येणार हे सगळ्या गावाला ठाऊक, आणि हिलाही ठाऊक की आपण मास्तरांच्या घरच्या. दोघींना शंका यायचं कारणच नाही. काशीनं ट्रंक डोक्यावर घेतली, कुलूप उघडून दिलं, वर मासळी आणून देऊ का विचारलं. ही म्हणाली, "नको, आम्ही खात नाही." काशीला जरा नवल वाटलं, पण म्हणाली असेल, असेल बाई एखादा उपास.

आणि मग श्यामलेनं संसार मांडला. लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदा तिला घर मिळालं होतं, सासू नाही, सासरा नाही, जाऊ नाही. न्यायला आले नाहीत म्हणून आधी रुसली, थोडी रडली, मग पदर खोचला. पहाटे उठून सडा घातला. जाळी काढली. डबे घासून उन्हात मांडले. खुंटीवर कोट होता तो झटकला, तुटलेलं बटण लावलं, घडी करून ठेवला. भात, वरण केलं, आणि खोबरं किसून, वेलदोडे घालून, तिकडची स्वारी येणार म्हणून नारळीपाकाच्या वड्या केल्या. नाहून, वेणी घालून उंबऱ्याशी बसली. "काकू," मला म्हणाली, "इतकं बरं मला माहेरीसुद्धा वाटलं नव्हतं."

दुपारी एक माणूस अंगणात येऊन उभा राहिला. हिनं पदर सावरला आणि आतूनच सांगितलं, "घरात नाहीत. बसा ओट्यावर, येतीलच एवढ्यात." गूळपाणी नेऊन ठेवलं, वडीसुद्धा दिली. त्या माणसानं स्वतःच्याच ओट्यावर पाहुण्यासारखं बसून गूळपाणी घेतलं! ते काळूराम मास्तर, तिथल्या मराठी शाळेचे. बिचाऱ्याला कळेना, आपण घर चुकलो की काय. मग हळूच विचारलं, "बाई, आपण कुठल्या गावाला निघाला होतात?"

"श्रीवर्धनला," ही म्हणाली.

भला माणूस. त्यांनी उंबरा ओलांडला नाही. "ताई, घाबरू नका, श्रीवर्धन खाडीपलीकडे आहे," म्हणाले आणि जाऊन काशीला बोलावून आणलं. श्यामला तशीच उठली. ट्रंक ओढत बाहेर आली ती परत आत गेली नाही. मांडलेले डबे होते तसे करून ठेवते म्हणाली तर काळूराम मास्तर म्हणाले, "राहू द्या ताई. माझं घर एवढं छान कधी दिसलं नव्हतं."

होडीवाले होडी घालेनात म्हणून आमचे मास्तर रात्रभर खाडीच्या अलीकडे अडकलेले. चिखलानं भरलेले असे ते तिथं पोचले, तेव्हा ही अंगणात ट्रंकेवर बसलेली होती. घेऊन आले.

पहिले दोन दिवस ती कशालाच हात लावेना. मास्तरांनी घासून ठेवलेली कळशी, लिंपलेली चूल, सगळं जिथल्या तिथं. माझ्याजवळ येऊन बसायची. एकदा एकदम म्हणाली, "काकू, तो कोट मी तिकडचाच समजले. परक्या माणसाचा कोट! मला माझ्या नवऱ्याचा कोट ओळखता आला नाही." मी म्हटलं, "अगं, ओळखणार कशी? राहिलीस कधी त्याच्याजवळ?" तेव्हा जी रडली म्हणता. मी रडू दिलं.

मग हळूहळू ती खोलीत रुळायला लागली. कुडापलीकडून आवाज यायचे, मीठ कुठे ठेवता, आणि हे काय असं टांगलंय. एका संध्याकाळी काळूराम मास्तर गूळपाणी कसे प्याले त्याची ती नक्कल करत होती, आणि दि-मास्तर खदखदून हसत होते. मी सुपारीचं सूप खाली ठेवलं आणि ऐकत बसले. आमच्या यांना म्हटलं, "ऐकलंत का? मास्तरांना आवाज आहे हो!"

पण गावाला कुठे बघवतंय? नवरा सोडून दुसऱ्याच मास्तराच्या घरी बाई राहिली, ही गोष्ट त्याच बोटीच्या उतारूंनी सगळीकडे केली. बाजारात हसायला लागले. शाळेत कुणा कार्ट्यानं फळ्यावर लिहून ठेवलं, ‘दि मास्तर’, आणि खाली मराठीत, ‘कोणते?’ मास्तरांनी ते पुसलं आणि धडा घेतला. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही, मला गड्याच्या पोराकडून कळलं. आणि सुपारीचे व्यापारी ती गोष्ट घेऊन नागावला गेले, तेव्हा दादा पहिल्या बोटीनं इकडे यायला निघाले.

येणार हे कळल्यावर मी मास्तरांना विहिरीपाशी गाठलं. "हे बघा मास्तर, आजवर गप्प राहिलात ते राहिलात. आता तोंड उघडायचं. तिनं काही पाप केलेलं नाही. नुसतं म्हणायचं, दादा, ती इथं राहील. चार शब्द."

"म्हणेन, वहिनी," मास्तर म्हणाले. आणि म्हणणार होते, मला वाटतं. चेहरा तसाच होता.

दादा आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. ते दुसरे मास्तर कोणत्या जातीचे, हे आधी विचारलं, सून कशी आहे ते नंतरही नाही. "कुणाच्या चुलीवर शिजवलंस? कुणाच्या छपराखाली निजलीस?" ती मान खाली घालून उभी. "नागावला चल. प्रायश्चित्त घ्यावं लागेल. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. पुढचं पुढे बघू."

श्यामलेनं मास्तरांकडे बघितलं. मीही बघितलं. आमचे हे बघत होते, गडी बघत होता.

"दादा," मास्तर म्हणाले. मग थांबले. मग म्हणाले, "समुद्र अजून जरा खवळलेलाच आहे."

"मी आलो ना? तशीच ती जाईल," दादा म्हणाले. झालं. संपलं. मी पुढे होऊन बोलणार तर यांनी माझा दंड असा धरला की वळ उठला. मी तरीही म्हटलं, "काय गुन्हा केलाय हो पोरीनं?" दादांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

समुद्रावर सगळे गेलो. निम्मं गाव होतंच, बोट बघायचं निमित्त. ट्रंक पडावात चढली, दादांना खलाशांनी उचलून चढवलं. श्यामला गुडघाभर पाण्यातून चालत गेली, पडावाच्या काठाला हात लावला आणि थांबली. मागे वळली. मास्तर ओल्या वाळूच्या कडेला उभे होते, बुटांना पाणी लागेल न लागेल असे. ती तिथूनच ओरडली, अगदी स्पष्ट, वाऱ्याच्या वर:

"दत्तात्रेय!"

अहो, सगळा किनारा वळून बघायला लागला. बायकांनी तोंडाला पदर लावले. नवऱ्याचं नाव, चारचौघांत, सासऱ्यासमोर! दादा पडावात उठून उभे राहिले. मास्तरांनी एकदा दादांकडे बघितलं आणि मान खाली घातली. ती थांबली होती. खलाशी वल्हं धरून थांबले होते. मग ती चढली.

ती परत आली नाही. आधी दादांनी पाठवली नाही. पुढे दादा गेले. मी म्हटलं, आता तरी! मास्तर स्वतः नागावला गेले आणि एकटेच परत आले. येत नाही म्हणाली. रागावली होती का, विचारलं, तर म्हणाले, नाही, चहा करून दिला, तब्येतीचं विचारलं, आणि म्हणाली आता नको. दुसऱ्या दिवशीपासून शाळा, पडवीतली पोरं, दि आणि अ. शिकवण्यात कुठे फरक नाही. बोटीला मात्र पुन्हा कधी गेले नाहीत.

त्या गोष्टीचा शब्द आम्ही काढत नसू. परवा पाऊस थांबल्यावर ओट्यावर बसले होते, केस पार पिकलेत आता. मी चहा नेऊन दिला. कप हातात धरून बसले, आणि मी वळले तर मागून म्हणाले, "वहिनी, तिनं मला हाक मारली होती."

"ठाऊक आहे. सगळ्या गावानं ऐकली."

"दादांशी बोलायची गरजच नव्हती," मास्तर म्हणाले. "मी नुसती ओ दिली असती, तरी ती परत फिरली असती."

त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचं होतं, पण तोंडातून खरंच निघालं. म्हटलं, "हो मास्तर. परत फिरली असती."